त्रेपन्नाव्या दरवाजातली पंगत

आई खुर्चीत नीट टेकली की त्या हॉटेलाला एक कमान वाढायची. कमानीखाली एक टेबल असायचं आणि टेबलाशी रिकामी ताटं पुढ्यात घेऊन माणसं बसलेली असायची. हे तिसऱ्यांदा झालं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आमचं शहर बावन्न दरवाजांचं. हे हॉटेल त्रेपन्नाव्यात आहे. तो दरवाजा पूर्वी कुणी पाहिला नव्हता. एका आर्किटेक्टने तो शोधून काढला, काळा दगड घासूनपुसून घेतला, काचेची जमीन केली आणि खालून जुन्या नहरीचं पाणी सोडलं. इथे टेबल मिळवायला कितीतरी आधी सांगून ठेवावं लागतं. ताट परातीएवढं आणि त्यात जेवण बोटाच्या पेराएवढं. एरवी मी असल्या ठिकाणी फिरकले नसते. पण इथली येसर आमटी चुलीवरची असते आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, असं ऐकलं होतं. आईला ती फार आवडते.

येत्या सोमवारी आईच्या जबड्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्यानंतर नाकातून नळी. परत तोंडाने जेवेल ना, असं विचारलं तर डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणाले. आणि या बाईने उभ्या जन्मात गरम जेवण बसून खाल्लेलं नाही. सासरचं खटलं मोठं. आधी पुरुष, मग पोरं, मग पाहुणे, आणि सगळ्यांची उठबस झाली की ही चुलीपाशी उकिडवी बसणार; थंड भाकरी आणि आमटीचा तळ. तू जेवलीस का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मी मघाशीच खाल्लं." शाळेत जायच्या वयापासून मी हे ऐकत आलेय. एकदा, फक्त एकदा, तिने माझ्यादेखत गरम घास तोंडात घालावा, एवढंच मला हवं होतं.

आमटी आली. छोट्या तांब्याच्या पातेल्यातून वाफ निघत होती. आईने भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि मान वर करून समोर पाहिलं.

"अगं वृंदा, त्यांच्या ताटात काहीच नाही."

मागे वळले तर चौथी कमान. तिच्याखाली लग्नाला निघाल्यासारखं नटलेलं एक कुटुंब हात धुऊन बसलं होतं. मी म्हटलं, त्यांचं त्यांना येईल, तू खा. आईने घास ताटात ठेवला. माणसं उपाशी बसलीत अन् मी कुठं गिळू, म्हणाली, आणि पदर खोचून, पातेल्यातली पळी घेऊन उठली. ती वाढून परत येईपर्यंत आमटीवर साय धरली होती.

मी कॅप्टनला बोलावलं. सरकटे नावाचा उंच, इस्त्रीतला माणूस. त्याला म्हटलं, तुमचं हॉटेल लांब होतंय.

"मॅडम, ही वारसा वास्तू आहे. इथे आम्हाला एक खिळाही ठोकता येत नाही."

"मग ती पाचवी कमान कुठून आली?"

"ती पहिल्यापासून आहे. तुमचं लक्ष आत्ता गेलं."

त्याने आमटी बदलून आणली. तेवढं मात्र तो न सांगता करायचा. आई बसली, आणि सहावी कमान आली. दगड सरकल्याचा आवाज नाही, धूळ नाही. फक्त दाराकडचा उजेड थोडा लहान झाला आणि पायाखालचं पाणी जरा लांबून वाहायला लागलं.

सहाव्या कमानीत बाबा होते. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते पाटावर बसावं तसे खुर्चीवर मांडी घालून बसले होते आणि मीठ कुठाय, असं विचारत होते. आई भाकरीचा तुकडा हातात धरूनच उठली. मी तिचा दंड धरला. बाबांना मोठ्याने सांगितलं की मीठ तुमच्या उजव्या हाताला आहे, हात पुढे करा आणि घ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मिठाकडे पाहिलं, आणि आईची वाट बघत बसले. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. मेल्यावरसुद्धा यांना मीठ हातात द्यायला बाई लागते!

आईने मीठ वाढलं. येताना आणखी दोघांना पाणी देऊन आली. तिचा जबडा ठणकत होता; ती गालाला पदर लावून बसली आणि सातव्या कमानीकडे बघायला लागली.

मग मी तिच्या हातातून पळी काढून घेतली. म्हटलं, आता तू जागची हललीस तर बघ. मी वाढते. सगळ्यांना वाढते. कुणाचं ताट रिकामं राहणार नाही, मग तर जेवशील?

"मग जेवेन की," आई म्हणाली.

मी वाढायला लागले. आमटी, भाकरी, ठेचा, परत आमटी. पातेलं संपत नव्हतं. सातवी झाली, आठवी झाली. नवव्या कमानीतली माणसं नको नको म्हणत ताटावर आडवे हात धरत होती, त्यांनाही वाढलं. बाबांनी दोनदा भाकरी घेतली. माझ्या खांद्यातून कळा यायला लागल्या, पोटात कावळे कोकलत होते, सिल्कच्या साडीवर आमटीचे डाग पडले. पण दहावी कमान आली नाही. मी शेवटच्या टेबलाशी उभी राहून वळले. सगळे जेवत होते. कमानींच्या पार दुसऱ्या टोकाला आई बसलेली होती, अंगठ्याएवढी दिसत होती. सरकटेने तिच्यापुढे नवं ताट ठेवलं. एवढ्या लांबूनही मला वाफ दिसली.

आईने घास मोडला, बुडवला, तोंडापर्यंत नेला. तोंड उघडलं. 

आणि घास तिथेच थांबला.

"वृंदा," तिने विचारलं. आवाज न चढवता विचारलं, तरी नऊ कमानींतून स्पष्ट ऐकू आलं. "तू जेवलीस का?"

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पण घास तिच्या ओठांपाशी होता आणि अजून गरम होता. मी पळी मागे लपवली.

"हो आई. मी मघाशीच खाल्लं."

जेवणारे सगळे थांबले. आई माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला नव्हता. ओळखीचं माणूस भेटावं तशी ती हसली. मग तिने घास ताटात परत ठेवला आणि खुर्ची मागे सरकवली.

माझ्या पाठीशी गारवा आला. मी वळून पाहिलं. दहाव्या कमानीखाली एकच खुर्ची होती आणि एकच पान वाढलेलं होतं. माझी पळी माझ्याच हातात होती, तरी पानाशी आई पळी घेऊन वाकलेली होती, आणि आमटीतून वाफ येत होती.

"बस," ती म्हणाली. "तुझं झालं की मी बसते."