आवणी उरकून या

प्रेरणाबाई सिस्टरांच्या शाळेत लागल्या, ते काही हौसेनं नव्हे. डी.एड. झालं, पात्रता परीक्षा झाली, आणि सरकारी भरतीची वाट बघता बघता स्थळं आणणारेही थकले. तोवर त्या हिर्डोशीच्या वर, आमच्या वाडीतल्या चौथीपर्यंतच्या शाळेत मानधनावर शिकवत होत्या. किकवीच्या घरून यायचं म्हणजे भोरला एसटी बदलायची आणि पुढं पायपीट. तरी बाईंनी कधी खाडा केला नाही. मग सरकारनं कायमचे गुरुजी पाठवले आणि बाईंना सांगितलं, आता येऊ नका. आम्ही गावकऱ्यांनी साडी दिली, नारळ दिला, फोटो काढला. बाईंना ठेवा म्हणून तालुक्याला जायला मात्र कुणाला सवड झाली नाही. आमचं हे असंच.

भोरकडं कॅथलिक सिस्टरांच्या शाळेत पहिली-दुसरीसाठी शिक्षिका हवी होती. बाईंचे वडील नागसेनकाका कुरकुरले, की आपण बौद्ध माणसं, तिथं रोज सकाळी येशूची प्रार्थना. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, प्रार्थनेला शांत उभ्या राहा, तेवढं पुरे. बाई उभ्या राहिल्या.

त्यांचा जीव वाडीतल्या एका पोरीत अडकला होता. माझी चुलती फुलाबाई, तिची ही नात गायत्री. आईबाप नाहीत, चौथी झालेली. पाचवीची शाळा लांब, एसटीचा भरवसा नाही. म्हणजे पोर शेरडांमागं जाणार हे ठरलेलंच. बाईंनी सिस्टरांच्या वसतिगृहात तिच्यासाठी जागा मागून घेतली आणि सांगायला स्वतः वाडीत आल्या. चुलतीला आनंद झाला, पण भात लावायचं राहिलं होतं आणि घरात हात नव्हते. बाई हसल्या.

"असू द्या आजी, आवणी उरकून या. जागा कुठं पळून जातीय?"

त्यात काही चुकलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. आवणीच्या दिवसांत आमचा अर्धा वर्ग चिखलात असायचा आणि बाई पोरांना भेटायला बांधावर यायच्या. पोरगं शाळेत कधी बसवायचं, हे आमच्याकडं भाताच्या रोपावर ठरतं. सिस्टर बाईंना म्हणाल्या होत्या, शाळा उघडताना मुलीला आणा. बाईंनी ते आमच्या हिशेबानं ऐकलं.

श्रावण लागल्यावर चुलती, गायत्री आणि मी असे तिघं निघालो. कपड्यांची पेटी माझ्या डोक्यावर. गायत्रीच्या पायांना चिखल्या झालेल्या, तरी ती आमच्या पुढं चालत होती.

सिस्टर रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि सांगितलं, की डोंगरातल्या पुष्कळ मुली येतो म्हणतात आणि येत नाहीत. जूनभर वाट बघून ती जागा वेल्ह्याच्या एका मुलीला दिली. तिलाही कुणी नव्हतं. रोज त्याच शाळेत असूनही बाईंना मधे एकदा सिस्टरांना विचारावंसं वाटलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी जागा राखलेलीच होती. त्यांनी सिस्टरांची पुन्हा पुन्हा विनवणी केली. पुढच्या वर्षी बघू, यापलीकडं सिस्टरांना काही करता येईना.

"आजी, माझं चुकलं," बाई म्हणाल्या. रडतच होत्या.

"तुमचं कुठं बाई? आवणीचं आमीच म्हनलो व्हतो."

पुढचं वर्ष वगैरे काही नसतं. शेरडांमागं गेलेली पोर पुन्हा बाकावर बसत नाही, हे मलाही ठाऊक होतं आणि बाईंना तर माझ्यापेक्षा जास्त. मला फार वाईट वाटलं, आणि कुणाला शिव्या द्याव्यात तेही कळेना.

तेवढ्यात मधली सुट्टी झाली. शाळेच्या पोरी धावत आल्या आणि मिस, मिस करत बाईंना लगडल्या. गायत्री पेटीवर बसून ते बघत राहिली. मी पेटी उचलायला वाकलो तसं बाईंनी तिला जवळ ओढलं. वाडीत ही पोर दिवसभर बाई, बाई करत त्यांच्या मागं असायची. आता ती हळूच सुटली, फ्रॉक नीट केला, आणि परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली,

"येते, मिस."