दर्यापल्याडचा जामीन

परक्या देशात जाऊन तिथली निवडणूक लढवून देणं हाही एक धंदा असतो, हे मला माधव केळुसकर नावाच्या गृहस्थांनी आमच्याच पडवीत बसून सांगितलं. ब्याऐंशी सालचा जानेवारी होता. मी पालीच्या शाळेत मास्तरीण. लग्न जमत नव्हतं आणि जमवण्याची मला घाईही नव्हती, त्यामुळे घरात अण्णा, आई आणि मी अशी तीन माणसं. रविवार होता म्हणून मी घरी होते. नाहीतर ही सगळी हकीकत मला वाडीतल्या बायकांकडून तिखटमीठ लावून ऐकावी लागली असती.

केळुसकर चाळिशीचे, पांढऱ्या सफारीतले, बोलायला गोड. मुंबईला फोर्टात त्यांची जाहिरातीची कंपनी होती. लंडनच्या एका मोठ्या कंपनीने त्यांना काम दिलं होतं, आणि त्या कंपनीला ते दिलं होतं हिंदी महासागरातल्या एका बेटावरच्या उमेदवाराने. बेटाचं नाव मी लिहीत नाही. तिथे आपली माणसं आहेत आणि ती वाचतात.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तुमचा मत हाय तिकडं?"

"नाही."

"त्या लंडनवाल्यांचा?"

"त्यांचंही नाही."

"मग तुमाला सगळ्यांना काय पडलीय?"

केळुसकर हसले. "काका, वरात दुसऱ्याची असली तरी बाजा वाजवायला माणसं लागतातच ना?"

अण्णांना हे पटलं. मला नाही पटलं, पण मला विचारतो कोण! मी चहा ठेवायला आत गेले आणि कान बाहेर ठेवले.

गोष्ट अशी होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या रत्नागिरीकडची माणसं त्या बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला गेली, ती तिथलीच झाली. त्यांची मुलं आता फ्रेंच बोलत होती, पण लग्नात हळद लागत होती आणि देवापुढे नारळ ठेवला जात होता. फक्त नारळ ठेवल्यावर म्हणायचं काय, ते विसरून गेली होती. म्हातारीकोतारी माणसं नुसतं 'व्हय म्हाराजा' म्हणून हात जोडत. केळुसकरांनी तिथे महिनाभर घरोघर हिंडून हे हेरलं होतं. त्या उमेदवाराच्या मतदारसंघात निकाल आपल्या लोकांच्या मतांवर फिरणार होता. म्हणून त्यांच्या डोक्यात आलं, की मूळ गावच्या देवळातलं, मूळ मातीतल्या माणसाच्या तोंडचं गाऱ्हाणं कॅसेटवर भरायचं आणि घराघरांत वाटायचं. गाऱ्हाणं अर्थात उमेदवाराच्या नावाने.

आमच्या गावात ग्रामदेवी नवलाईपुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. शिमग्याला पालखी निघताना, जत्रेला, कुणाचं पोर आजारी पडलं तर, कुणाला मुंबईत नोकरी लागली तर, अण्णा हात जोडून देवीशी बोलत आणि मागे उभी माणसं होकार देत. अण्णा शाळेत दोन यत्ता शिकलेले. घरात अर्धं बोलून उरलेलं गिळून टाकायचे. पण देवीसमोर उभे राहिले की आवाज असा लागायचा, की माझ्यासारखी देवाधर्माला नाक मुरडणारी बाईसुद्धा हात जोडून उभी राही.

"उमेदवार कोण?" अण्णांनी विचारलं.

"आनंद रघू, वकील. रघू हे आडनाव. पणजोबांचं नाव गोऱ्या कारकुनाने आडनाव म्हणून लिहून टाकलं."

"गाव कुटला त्याचा?"

"रत्नागिरी, एवढंच ठाऊक आहे त्यांना."

"आणि मागायचा काय?"

मळेवाल्यांच्या जमिनीवर आपल्या लोकांची घरं होती. चार पिढ्या राहूनही पायाखालची भुई त्यांची नव्हती. मालक कधीही ऊठ म्हणेल, ही टांगती तलवार. रघू वकील निवडून आला, की ती जमीन त्यांच्या नावावर करणार होता.

दुसऱ्याच्या भुईवर घर असणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. "करनार ना नक्की?" अण्णांनी विचारलं.

"करणार," केळुसकर म्हणाले. ते खोटं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांना वकिलाने सांगितलं, त्यांनी आम्हाला सांगितलं.

मग केळुसकर म्हणाले, की रत्नागिरीच्या लॉजवर खोली घेतली आहे, खिडक्या बंद केल्या की आवाज येत नाही, तिथेच गाडीने जाऊन ध्वनिमुद्रण करू, अर्ध्या तासाचं काम. अण्णा एवढे चिडलेले मी क्वचित पाहिलेत.

"लॉजवर? लॉजवर काय नाटक करायचा हाय काय? गाऱ्हाणा देवळात घालतात. नारळ ठेवून, माणसा उभी करून. आनि एकदाच. परत परत नाय."

आज मागे वळून बघताना वाटतं, तिथेच अण्णांचा घात झाला. लॉजवर म्हणून टाकलं असतं तर ते नुसते शब्द राहिले असते. शिमग्याच्या नमन-खेळात सोंग घेतात तसं. पण त्यांना फसवाफसवी नको होती. दर्यापल्याडच्या माणसांना मिळायचं तर ते खरंखुरं मिळालं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. केळुसकरांना काय, ते तर खूशच झाले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. सकाळी देवळात वाडीतली तीसचाळीस माणसं जमली. केळुसकरांनी जांभ्याच्या चौथऱ्यावर यंत्र ठेवलं. अण्णांनी नारळ ठेवला आणि सुरुवात केली.

"आई नवलाई, बारा वाड्यांची तू धनीण. दर्यापल्याड तुजी लेकरा हायत. ज्या भुईवर ती ऱ्हातात ती भुई त्यांची नाय. ह्यो आनंद रघू ती त्यांच्या नावावर करून देतो म्हनतोय. तो आज हितं उभा नाय, म्हनून त्याच्या जागी मी जामीन ऱ्हातोय. त्याच्याकडून हयगय झाली तर ती माज्या पदरात घाल. पन लेकरांची भुई लेकरांना गावू दे!"

"व्हय म्हाराजा!"

देऊळ दणाणलं. आमच्याकडे ही रीतच आहे. मुलगा मुंबईत असला आणि त्याच्या वतीने नवस बोलायचा असला, तर बोलणारा जामीन राहतो. हे केळुसकरांना ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त ते ऐकायला जबरदस्त वाटलं. "काका, 'माझ्या पदरात घाल' म्हणजे कमाल! असं वाक्य आमच्या ऑफिसात कुणाला सुचणार नाही," ते म्हणाले. पाकीट पुढे केलं, ते अण्णांनी घेतलं नाही. आईने मात्र त्यांना बांगड्याचं तिखलं आणि भात घातल्याशिवाय सोडलं नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचं पत्र आलं, रघू वकील निवडून आले म्हणून. अण्णांनी वाडीत साखर वाटली. परक्या देशातला आमदार निवडून आल्याबद्दल साखर वाटणारं आमचं गाव बहुधा एकटंच असेल.

त्यानंतर पाच वर्षं काही नाही. अण्णा अधूनमधून मला विचारत, "गो, पेपरात काय येतंय काय त्या बेटाचा?" मी नाही म्हणायचे.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत केळुसकर पुन्हा आले. केस पिकले होते, गाडी नवी होती. पाणी पिऊन होतंय तोच अण्णांनी विचारलं, "भुई गावली त्यांना?"

केळुसकरांनी तांब्या खाली ठेवला. "नाही काका. वकील मंत्री झाले. त्यानंतर मळेवाल्यांशी त्यांचं जमलं. गेल्या वर्षी समुद्राकडची एक वस्ती उठवली, तिथे हॉटेल होतंय."

"माणसा कुटं गेली?"

"गेली इकडेतिकडे. नातेवाइकांकडे."

मला वाटलं होतं अण्णा ओरडतील. ते नुसते खांबाला टेकले. आई दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"म्हणूनच आलोय," केळुसकर पुढे सरकले. "या वेळी आमची कंपनी रघूंच्या विरुद्ध काम करतेय. समोर तरुण उमेदवार आहे, चांगला आहे. तुमची कॅसेट लोक अजून लावतात, काका. दिवाळीला लावतात, बारशाला लावतात. तुम्ही जामीन राहिलात म्हणून आम्ही मत दिलं, असं मला बायकांनी तोंडावर सांगितलं. तेव्हा तुम्हीच आता दिलेला शब्द मागे घ्यायचा, आणि या नव्या माणसासाठी गाऱ्हाणं घालायचं. जमिनीचं तो नक्की करणार आहे."

माझा तोल गेला. "अहो केळुसकर, तुम्हाला काही वाटतं का? त्या वेळी रघू, या वेळी त्याचा शत्रू. पुढच्या खेपेला तिसराच कोणी आणाल!"

"बाई, वकील नाही का आज याची आणि उद्या त्याची बाजू मांडत? निवडून आणणं आमचं काम. नंतर तो माणूस काय करतो, ते आमच्या हातात नसतं." ते चिडून बोलले नाहीत. खरंच तसं मानत होते, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

अण्णांनी मला हाताने थांबवलं. "सायब, ह्यो नवा करनार म्हनता. तुमी जामीन ऱ्हाता त्याला? नारळ मी ठेवतो. तुमी नुसता सांगा, हयगय झाली तर माज्या पदरात."

केळुसकर हसायला गेले आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. पोटात बहुतेक त्यांच्याही कोकणच होतं. "नाही काका," ते हळू म्हणाले. "तेवढं नाही जमणार. मला मुलंबाळं आहेत."

"मला पन हायत," अण्णा म्हणाले.

दोन दिवस केळुसकर रत्नागिरीच्या लॉजवर थांबले आणि अण्णा देवळाकडे फिरकले नाहीत. प्रश्न साधा होता. खोटा शब्द दिलेल्या तोंडाने गाऱ्हाणं घालता येत नाही, हे गावात पोरासोरांना ठाऊक. पण खोटा ठरलेला शब्द दर्यापलीकडे होता. गावात तो ठाऊक होता कुणाला? आई आणि मी गप्प बसलो असतो तर अण्णा पंधरा दिवसांनी शिमग्याला पालखीपुढे उभे राहिले असते आणि कुणी ब्र काढला नसता. मीच त्यांना तसं सुचवलं. "अण्णा, तुम्ही काय केलंत? तुम्ही चांगल्यासाठी बोललात. सोडून द्या."

"आनि ती माणसा? ती माजा आवाज लावतायत बारशाला."

तिसऱ्या दिवशी त्यांनी वाडीला देवळात बोलावलं. केळुसकरांना म्हणाले, यंत्र लावा. माणसांना वाटलं, पुन्हा तिकडची निवडणूक आली. सगळी हौसेने उभी राहिली.

"आई नवलाई, पाच वर्सांमागं मी जामीन ऱ्हायलो. त्यानी शब्द पाळलान नाय. लेकरांची भुई गेली. ती हयगय माज्या पदरात घाल." मग ते यंत्राकडे वळले. "दर्यापल्याडच्या माणसांनो, माज्या तोंडाकडं बघून तुमी मत दिलात, तो माजा चुकला. आता कुनाला द्यायचा तो तुमचा तुमी बघा. माज्या तोंडावर जाऊ नका."

आणि ते थांबले.

कुणी काही म्हणेना. होकार द्यायचा म्हणजे अण्णांच्या पदरात दोष घालायचा, आणि त्याबरोबर मानही गेला. माझा चुलतभाऊ सहदेव लोट्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला होता, तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. गावभर मानाने मिरवलेले माझे अण्णा पाठमोरे, हात जोडून वाट बघत उभे होते. गाऱ्हाण्याला होकार मिळाल्याशिवाय त्यांना हलता येत नव्हतं. मला ते बघवेना. माझ्या तोंडून निघत नव्हतं, पण मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग बाकीचे म्हणाले, कसंबसं, पुटपुटत.

केळुसकर यंत्र आवरताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "शेवटची दोन वाक्यं कापता येतील." मी म्हटलं, "कापून तर बघा." त्यांनी कापलं की नाही, कळायला मार्ग नाही. त्या वेळी कोण निवडून आलं, हेही मी शोधलं नाही.

शिमग्याला मान सहदेवकडे गेला. त्याने पाळी बदलून घेतली, दोन रात्री अण्णांकडे बसून सगळं तोंडपाठ केलं. अण्णांनी त्याला कंटाळा न करता शिकवलं. पालखी उठायच्या वेळी तो पुढे उभा राहिला आणि अण्णा आमच्यात, बायकांच्या थोडे पुढे, खांद्यावर टॉवेल टाकून. सहदेवचा आवाज बारीक, पण म्हणाला नीट. थांबला. आणि माझ्या शेजारून, सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर अण्णांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

सत्तर वर्षांच्या माणसाने, मान हाती आल्यापासून, ते पहिल्यांदा म्हटलं होतं. बाकीचे होकार द्यायचेच विसरले. मी आईचा हात धरला आणि भर देवळात रडले.