मागून येणारं पिल्लू

बाईंनी हजेरीपट उघडला आणि अकराव्या ओळीवर फूटपट्टी आडवी ठेवली. नाव झाकलं की चुकून हाक तरी जाणार नाही.

सकाळीच मोठ्या बाईंनी ऑफिसात बसवून घेतलं होतं.

"नाव कमी करून टाका. आणि पोरांना तुम्हीच सांगा हो. आमच्या तोंडून निघेना. आम्ही एवढंच सांगितलंय, आईबरोबर बेटाबाहेर गेलीय."

नाव कमी करायचं म्हणजे लाल शाईची एक रेघ. बदलीवाल्यांच्या पोरांची नावं बाईंनी अशी कितीदा उडवली होती. पण हे नाव त्यांच्या स्वतःच्या लेकीचं. याच वर्गात, खिडकीशी बसायची. तापाचं निमित्त झालं, पलीकडच्या हॉस्पिटलात नेली, आणि तिसऱ्या दिवशी बाई एकट्या उरल्या. त्याला महिना झाला.

पहिलीचा वर्ग, एरवी नुसता मासळीबाजार. आज चिडीचूप. खिडकीजवळची चटई रिकामी होती, पण तिच्यावर धुळीचा कण नव्हता.

"ही कुणी झाडली?"

"आम्ही. पाळी लावलीय," टकळी म्हणाली. तोंड मिटत नाही म्हणून तिचं हे नाव. "गोट्या नुसती फुंकर मारतो, बाई. कामचोर!"

"ए, मी हातानं पण पुसतो!"

टकळीने वर बोट दाखवलं. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निळा दोरा बांधला होता. एका टोकाला कापूस, म्हणजे उत्तरेचा बर्फाळ मुलूख. दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याचं बेट, म्हणजे आपलं. सोनचिखल्याचा धडा बाईंनी त्या दोऱ्यावरच शिकवला होता. मूठभर पाखरू, तिकडे अंडी घालतं, थंडीच्या आत समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येतं. आईबाप आधी निघतात. पिल्लं मागाहून, आपली आपण.

"पिल्लाला टाकून? कसली मेली आई!" लेक तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, आणि अख्खा वर्ग खिदळला होता.

आता कागदाची आई बेटावर चिमट्याला लटकत होती. पिल्लू अजून अर्ध्या दोऱ्यावर, ऐन समुद्रात.

"तुम्ही आलात ना बाई," टकळी म्हणाली, "म्हणजे आता ती येणार. आई आधी, पिल्लू मागून. तुम्हीच सांगितलंत."

बाईंनी फूटपट्टी सरळ केली. ती सरळच होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी आजचा दिवस निभावला असता.

बारा नंबरच्या गोट्याने हात वर केला.

"बाई, सगळी पिल्लं पोचतात?"

एवढंच बाईंनी शिकवताना गाळलं होतं. इवल्या पोरांना कशाला, म्हणून.

"नाही रे. सगळी नाही पोचत."

"मग आई काय करते?"

"किनाऱ्यावर फिरते. किडे वेचते. काय करणार दुसरं?"

"आणि आपली अकरा नंबर?"

"ती वारली, बाळा. ती आता कधीच यायची नाही."

टकळीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कुणीतरी मागे मुसमुसायला लागलं.

बाईंनी लाल पेन काढलं. फूटपट्टी होतीच तिथे. ती जराशी खाली सरकवली तसं नाव उघडं पडलं. रेघ सरळ आली. पेन मात्र रेघेच्या टोकाशी टेकलेलंच राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला, तरी उचलवेना.

"बाई."

गोट्याचा हात अजून वरच होता. दुखायला लागला म्हणून दुसऱ्या हाताने धरला होता.

"आता बारा. मी आलोय."