चांगभलं नावाचा पासवर्ड

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" लालासाहेब देवरुषी घुमत ओरडला, फोनवरची साइट उघडली आणि देवळापुढच्या गर्दीनं भंडारा उधळला. घ्या आता!

झालं होतं असं. 'गजीढोल' नावाची एक साइट होती. माण तालुक्यातून मुंबईला गेलेली पोरं तिच्यावर धनगरी ओव्या, ढोलावरच्या गजीनाचाचे व्हिडिओ ठेवायची. गावाकडं लोक तिथंच बघायचे, ऐकायचे. चालवणाऱ्यानं कंटाळून ती बंद केली, त्यालाही वर्षं झाली. परवा ती अचानक परत दिसली आणि लालासाहेबाच्या अंगात आलं.

"मेल्याली साइट म्या उठीवली! पासवर्ड इसरलाय न्हवं? 'चांगभलं' घाला, उघाडतंय!"

आणि खरंच उघडत होतं. भाकणूक सांगणाऱ्या देवाला आता पासवर्डही कळू लागले! लालासाहेबाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. समोर पडणारे नारळ मात्र बरोबर कळत होते.

मी शाळेत संगणक शिकवतो. माझं डोकंच फिरलं. त्यात पुढं अंबूबाई बसलेल्या. त्यांचा धनाजी मुंबईत वारला. काय गळा होता पोराचा! त्याची एकुलती ओवी त्या साइटवर होती, दुसरीकडं कुठंच नाही. त्यांच्या फोनवर अक्षरं आली होती: 'धनाजीची ओवी सापडली. ऐकण्यासाठी परवानगी द्या.'

"मावशी, थांबा!" मी माझा फोन काढला. पासवर्ड म्हणून 'वांगं' लिहिलं. उघडलं! मग शोधायला लिहिलं, 'लालासाहेबाच्या बोकडाची ओवी'.

'सापडली. ऐकण्यासाठी परवानगी द्या.'

"आयला, बोकाड कवा गायलं रं?" गर्दीतला दादासो ओरडला आणि एकच हशा पिकला.

"देवाची चेष्टा करतोस व्हय, मास्तर?" लालासाहेब डाफरला.

"देवाची न्हाई, तुझी." मग मी सगळ्यांना सांगितलं. बंद पडलेल्या साइटचं नाव कुणीही विकत घेऊ शकतो. दुकान केव्हाच उठलं, पाटी तेवढी कुणी तरी आपल्या दारावर लावली. आत काही नाही. काहीही लिहा, उघडतं; काहीही मागा, सापडतं. परवानगी दिली की फोनमधले फोटो, मेसेज, सगळं त्याच्याकडं जातं. बाबांनो, जुनं नाव बघून भुलू नका, आत कोण बसलंय ते आधी विचारा.

लोकांना पटलं. फोन खिशात गेले. अंबूबाई हलल्या नाहीत.

"मग माझ्या धनाजीचं गाणं कुठं हाय, गुरुजी?"

"ते... साइटबरोबरच गेलं, मावशी."

"कुणापाशीच न्हाई?"

"न्हाई."

"तुमी खोटं न्हाई बोलत. समदं कळलं मला." त्यांनी फोनकडं बघितलं. "पर तुमी न्हाई म्हंता. ह्यो सापडली तरी म्हंतोय."

"आवं, त्यात धनाजीचे फोटो हायत! परक्याच्या हातात जातील!"

"जाऊ द्या. बघंल की कुणी तरी माझ्या लेकराला."

त्यांचा हात धरावा असं लय वाटलं, पण धरवला नाही. अंबूबाईंनी परवानगी दिली आणि फोन कानाला लावला. फोनमधून काहीच येत नव्हतं.

"मावशी..."

"गप बसा, गुरुजी," त्या म्हणाल्या. "ऐकू द्या."