उजव्या हाताची तारीख

बिस्मिल्लाचाचीच्या घराची पायरी रस्त्यावर वीतभर पुढं आली आहे, हे तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. काळ्या दगडाची, मधोमध झिजून वाटीसारखी खोलगट झालेली पायरी. तिच्यावर पाय देऊन कसबे तळवणच्या तीन पिढ्यांतल्या बायका ओट्यावर चढल्या, हात पुढं करून बसल्या आणि भरल्या हातांनी उतरल्या. गावात बांगड्या भरणाऱ्या मनियाराचं घर ते एकच. नवरा फक्रुद्दीन वारल्यावर चाचीनं धंदा सोडला नाही. बाजाराच्या दिवशी ओट्यावर बसायची आणि एरवी बादशाच्या पाठीवर पेटारे लादून आसपासच्या खेड्यांत फिरायची.

बादशा म्हणजे तिचं तट्टू. बुटकं, पोटाळ, रंगानं धुळीसारखं. त्याला लगाम ओढून थांबवावं लागत नसे. कुठल्या घरी बायका बांगड्या भरतात आणि कुठल्या घरी गूळ मिळतो, हे त्याला पाठ होतं. राधाकृष्ण वकिलांच्या दारात तर तो हटकून थांबायचा, कारण वकिलांची बायको रतनबाई त्याला गुळाचा खडा दिल्याशिवाय पुढं जाऊ देत नसे.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती आणि कागदाची तर अशी टंचाई की बांगड्या बांधायला चाची शाळेतल्या जुन्या वह्या मागून आणायची. अशात म्युनिसिपालटीला गटार बांधायची हुक्की आली. चावडीवर नियमांची पाटी लागली. ओटा पुढं काढला, दंड एक रुपया. सांडपाणी रस्त्यावर सोडलं, दंड एक रुपया. जनावरानं रस्त्यात घाण केली, दंड एक रुपया. लोक पाटी वाचून हसले. रुपयाचं काय एवढं?

पाटीच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती कुणी वाचली नाही. खटल्याचा सगळा खर्च आणि वकिलाची फी गुन्हेगारानं द्यायची, असा ठराव झाला होता. आणि म्युनिसिपालटीचे वकील होते राधाकृष्ण.

चाचीच्या दाराला नोटीस डकवली तेव्हा ती खेड्यावर गेलेली होती. परत आली, दाराला चांगला जाड, एका बाजूनं कोरा कागद दिसला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो अलगद सोडवला, घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी त्यात डझनभर राजवर्खी बांगड्या बांधून दिल्या. घेणारी कोण, तर रतनबाई! वकिलांच्या घरी पुडी सुटली आणि वकिलांनी स्वतःच्या सहीची नोटीस बायकोच्या मांडीवर पाहिली.

शेजारी आसाराम शिंपी राहायचा. त्याला मोडी-बाळबोध दोन्ही यायचं. त्यानं दुसरी नोटीस वाचून दाखवली तेव्हा चाचीला पायरीचं कळलं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मग काढते की."

आणि तिनं त्याच दिवशी पहार मागून आणून पायरी उखडली. सासऱ्याच्या हातचा दगड निघताना तिला रडू आलं, पण तिनं काढला. मग रुपया पदराच्या गाठीत बांधून ती मामलेदार कचेरीत गेली. वाटलं, रुपया टाकायचा आणि यायचं.

त्या दिवशी वकिलांनी तारीख मागून घेतली. पुढच्या वेळी मामलेदार फिरतीवर होते. तिसऱ्या वेळी कागद सापडत नव्हते. चाची प्रत्येक वेळी एका दिवसाचा धंदा बुडवून, तोच रुपया पदरात बांधून कचेरीच्या लिंबाखाली बसायची. चौथ्या तारखेला ती उभी राहून म्हणाली, "साहेब, पायरी मी कवाच काढलीया."

"म्हणजे पायरी होती हे कबूल आहे," राधाकृष्ण वकील म्हणाले आणि त्यांनी मामलेदारांपुढं दुसरा कागद ठेवला. चुरगळलेला, बांगड्यांच्या घडीच्या खुणा असलेला. सरकारी नोटिशीचा अपमान.

पाचव्या तारखेला निकाल लागला. दंड एक रुपया. नोटिशीचे दोन. वाया घालवलेल्या नोटिशीच्या नकलेचे तीन. इन्स्पेक्टर पायरी मोजायला आला त्याच्या टांग्याचे दोन, तो तिच्या घरापासून शंभर पावलांवर राहत असला तरी. स्टॅम्प आणि लिखणावळ दीड रुपया. आणि वकील फी, तारखेला सहा याप्रमाणे पाच तारखांचे तीस.

"साडेएकोनचाळीस," आसाराम म्हणाला. "न्हाई भरले तर घर जप्त करत्यात, चाची."

तिच्याजवळ विकण्यासारखं एकच होतं. नेवाशाच्या वीटभट्टीवाल्या पुंजारामनं बादशाचे चाळीस दिले. त्याला घेऊन जाताना बादशा राधाकृष्ण वकिलांच्या दारात थांबला. पुंजारामनं चाबूक ओढला. चाची रस्त्याच्या कडेला उभी होती. ओट्यावर वकील वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर वर्षभर चाची डोक्यावर पेटारा घेऊन खेडी हिंडली. मान आखडली, निम्मी गावं सुटली. पायरी नसल्यामुळं म्हाताऱ्या बायकांना ओट्यावर चढता येईना. गावात या दंडात पोळलेलं तिचं एकटीचं घर नव्हतं. भागूबाईच्या मोरीचं पाणी रस्त्यावर आलं, त्याचे सतरा गेले. पण एकमेकांकडं बघून न बघितल्यासारखं करायची सवय गावाला लागली होती. चाची कुणाला काही बोलली नाही. फक्त रोज चूल पेटवताना ती आकडे म्हणायची, जपमाळ ओढावी तसे. नोटिशीचे दोन. नकलेचे तीन. टांग्याचे दोन. लिखणावळ दीड. तारखांचे तीस.

वैशाखात वकिलांच्या गोदूचं लग्न निघालं. मुलगा श्रीगोंद्याचा, साखर कारखान्यात नोकरीला. चुड्याचं आवतण द्यायला रतनबाई स्वतः आली. पायरी नव्हती, म्हणून खालीच उभी राहिली.

"चाची, मागचं मनात धरू नका."

"मनात कुठं धरू, बाई? पेटारा डोक्यावर असतो, तेवढ्यानंच मी भरलेली हाय."

"याल ना?"

"येनार की. गोदूचा पयला हात मीच भरला, पाच वर्साची हुती. चुडा बी मीच भरनार."

आसारामनं टाके घालता घालता हे ऐकलं होतं. "कशाला जाता? नगरवरून बोलवू द्या की त्यांना दुसरा मनियार."

"अरे, हे काम दुसऱ्याला जाऊन कसं चालंल?" चाची म्हणाली आणि हसली. आसारामला ते हसू आवडलं नाही.

त्या काळी चुड्याचे नियम कडक होते. चुडा भरल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. ज्या हातानं चुडा धरला त्याच हातानं पुरा करायचा. मधे हात बदलला तर तो अपशकुन, आणि दुसरा कुणी मनियार लाख रुपये दिले तरी त्या नवरीला शिवायचा नाही. भरताना बांगडी फुटली तर ती मनियाराची. गिऱ्हाइकानं हात आवळला असला तरी तिचा पैसा मागायचा नाही.

चुड्याच्या दिवशी वकिलांचा चौक बायकांनी भरून गेला होता. नवऱ्यामुलाकडचं वऱ्हाड आदल्या दिवशीच श्रीगोंद्याहून आलं होतं. विहीण झुंबरबाई पाटावर ऐसपैस बसली होती, कमरेला चंची, बोलणं खणखणीत. हळदीची वाटी तयार होती. मुहूर्ताला तासभर होता.

चाचीनं सतरंजीवर पांढरं फडकं अंथरलं, हिरव्या बांगड्यांचे तोडे सोडले आणि गोदूचा डावा हात हातात घेतला. लोण्यासारखा हात. अंगठ्याखाली दाबत, बोटं जुळवत तिनं एकेक बांगडी चढवली. एकही वाढली नाही. (लग्नघरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.) अकरा झाल्या. बायका म्हणाल्या, हात असावा तर असा.

मग चाचीनं फडक्याची घडी घातली.

"आता हे काय?" रतनबाई म्हणाली.

"उजव्या हाताची तारीख पुढं पडली."

चौकात कुणाला काही उमगलं नाही. एकदोघी हसल्यासुद्धा. चाचीनं उरलेल्या बांगड्या पेटाऱ्यात ठेवल्या, झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून बसली.

"वकीलसाबांना बोलवा. फीचं बोलायचं हाय."

गोदूचा एक हात हिरवा, एक उघडा. ती चाचीकडं बघून हलक्या आवाजात म्हणाली, "चाची, मी काय केलं?"

चाचीनं त्या उघड्या हाताकडं पाहिलं. या हाताला तिनं देवीच्या तापानंतर पहिल्या काळ्या बांगड्या भरल्या होत्या. पण तिनं तोंड फिरवलं नाही.

"तू काय न्हाई केलंस, पोरी. बादशानं बी काय केलं नव्हतं."

राधाकृष्ण वकील मांडवातून आले, जरीच्या पगडीसकट. बायकांच्या चौकात पुरुषानं यायचं नसतं, म्हणून दाराशीच थांबले.

"काय तमाशा आहे हा? चुड्याचे किती, ते घे आणि पुरं कर."

"चुड्याचे सव्वा रुपाया. ते रतनबाई देतील, त्यांच्याशी माझं भांडन न्हाई. हा खर्च हाय, वकीलसाब. नोटिशीचे दोन. नकलेचे तीन. टांग्याचे दोन, लिखनावळ दीड. पाच तारखांचे सहाप्रमानं तीस. झाले साडेअडतीस."

"एकोणचाळीस होते," वकील बोलून गेले आणि बोलल्यावर त्यांनी ओठ मिटले.

"साडेएकोनचाळीस. त्यातला दंडाचा रुपाया माझा. पायरी पुढं आलती, चूक माझी. तो मी मागत न्हाई."

"ही खंडणी आहे! मी फिर्याद लावीन तुझ्यावर."

"लावा की. पैली तारीख कवाची घेता? हळद तर आजच हाय."

कुठूनतरी खुसखुस ऐकू आली. वकील रतनबाईकडं वळले. "दुसरा मनियार बोलवा. राहात्याला माणूस पाठवा."

"दुसरा हात लावंल व्हय, धरलेल्या चुड्याला?" चाची म्हणाली. "इचारा की विहीनबाईंना."

सगळ्यांच्या नजरा झुंबरबाईकडं गेल्या. तिनं चंचीतली सुपारी कातरायची थांबवली होती.

"आमच्याकडं असं चालत न्हाई," ती म्हणाली. "अर्ध्या चुड्याची सून मी मांडवात उभी करायची न्हाई. आन काय हो वकील, ही बाई म्हनती ते खरं हाय का खोटं?"

"तो कायदेशीर खर्च होता."

"एका पायरीपायी अडतीस रुपये? आवं, एवढ्यात आमच्याकडं बैल येतो!"

भागूबाईला आता धीर आला. मागून ती पुढं सरकली. "आमचे बी सतरा हायेत की, चाची. आमचं बी बोला."

चाचीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पाच येळा कचेरीच्या लिंबाखाली बसले. माझ्यासंगं कोन आलं हुतं? तुमची तारीख तुमी लावा."

भागूबाई मागं झाली.

बाहेर वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले होते. मुहूर्त जवळ येत होता. वकिलांनी बंडीच्या खिशातून कापडी पिशवी काढली आणि पाठ फिरवून मोजू लागले.

"मला दिसू द्या," चाची म्हणाली. "मी बी सगळ्यांच्या म्होरंच मोजले हुते."

मग ते सगळ्यांसमोर मोजावे लागले. अडतीस झाले. वर आठ आणे हवे होते, ते पिशवीत नव्हते. रतनबाई आत धावली, पण तिच्या आधी झुंबरबाईनं चंचीतून अधेली काढली आणि फडक्यावर टाकली.

"घे बाई. माझ्या सुनेच्या बापाचं देनं मीच फेडते."

त्या अधेलीचा आवाज वकिलांच्या कानांतून पुढं कितीतरी वर्षं गेला नसेल. त्यांची पगडी तशीच होती, पण मान तिच्याखाली राहिली नव्हती.

चाचीनं पैसे कमरेला लावले, फडकं पुन्हा अंथरलं आणि उजवा हात घेतला. हात गार पडला होता. तिनं तो आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली, गोदूच्या डोळ्यांतलं पाणी आपल्या पदरानं पुसलं आणि भरायला लागली. नवव्या बांगडीला पोरीनं घाबरून हात आखडला. कट् आवाज झाला.

चाचीनं तुकडे गोळा केले, तळहातावर घेतले आणि अजून दारात उभ्या असलेल्या वकिलांपुढं धरले.

"ही वाढली. ही माझी. आमच्या धंद्यात नुकसानीचा खर्च गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकत न्हाईत, वकीलसाब."

उजव्या हाताच्याही अकरा बांगड्या पुऱ्या झाल्या. गोदूनं वाकून नमस्कार केला आणि चाचीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली, अगदी मनापासून. नारळ, खण आणि सव्वा रुपया घेतला. तो तिचा मान होता, तो तिनं कशाला सोडावा?

दुसऱ्या दिवशी ती नेवाशाला गेली. भट्टीवर विटा वाहून बादशाचा मागचा पाय अधू झाला होता. पाठीवर केस उरले नव्हते. पुंजारामनं पस्तीस सांगितले, तिनं पायाकडं बोट दाखवून सौदा अठ्ठावीसवर आणला. उरलेल्या पैशांत एक घुंगुरमाळ घेतली.

मग रोज सकाळी, वकील ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसत त्या वेळेला, घुंगरू वाजत यायचे. लंगडत बादशा यायचा आणि जुन्या सवयीनं नेमका त्यांच्या दारात थांबायचा. रतनबाई गूळ द्यायची. तो खाऊन झाला की बादशा शेपटी वर करायचा. चाची घाई करत नसे. त्याचं पुरतं होईपर्यंत पेटाऱ्याच्या दोऱ्या नीट करत उभी राहायची, आणि ओट्याकडं बघायची.

जनावरानं रस्त्यात घाण केली तर दंड एक रुपया, ही पाटी चावडीवर अजून होती. वकील वर्तमानपत्राचं पान उलटायचे. बादशा त्यानंतर सहा वर्षं जगला. नोटीस काही आली नाही.