तुर्दुबेकच्या पाठीवरची टाकी

मी एक जुनी पोलादी टाकी आहे. पाणबुड्याच्या पाठीवर बसून त्याला पाण्याखाली हवा पुरवणे, हे माझे काम होते. आता रंग उडाला आहे आणि इसिक-कुल तळ्याच्या काठी मी घंटा म्हणून टांगलेली आहे. जेवण तयार झाले की मला बडवतात. तक्रार नाही, मित्रांनो. पण मी जे पाहिले ते ऐकाच.

माझा धनी तुर्दुबेक तळ्यात बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंती शोधायचा. पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा मी थक्क झाले. हिरव्या उजेडात एक अख्खी चूल उभी होती, जणू घरातले आत्ताच उठून गेलेत! आणि एवढ्या खोलात हा माणूस जिवंत होता तो माझ्या पोटातल्या हवेवर. त्याचे बुडबुडे वर जाताना पाहून मला दरवेळी धन्य वाटे.

माझा व्हॉल्व्ह तुर्दुबेक नेहमी स्वतः उघडायचा. मग घरात सून आली, बेगिमाय. आमच्याकडे सून सासऱ्याचे बूटही मांडून ठेवते. तिने बघून बघून माझी जोडणीही हाती घेतली. सुनेने केलेले पुन्हा तपासणे म्हणजे चारचौघांत तिचा अपमान. तुर्दुबेकने डोळे झाकून मला पाठीवर घेतले.

"काय रे, सून आली आणि खानच झालास की!" त्याचा जोडीदार जोल्चू म्हणाला.

"जळतोस काय? चल, उतर!"

हवा वाया नको म्हणून बेगिमायने व्हॉल्व्ह जेमतेम किलकिला ठेवला होता. काठावर श्वास नीट आला. खोलात मात्र जास्त हवा लागते, आणि ती त्या फटीतून येईना. जोल्चू पुढे निघून गेला होता. तुर्दुबेक जीव खाऊन श्वास ओढत होता. माझे पोट गच्च भरलेले, आणि त्याला घोटभर हवा मिळेना! असा असहायपणा देव कुणाला न देवो. शेवटी त्याने एका हाताने मला खालून वर रेटले, दुसरा हात मानेमागे नेला आणि व्हॉल्व्ह फिरवला. हवा धावत गेली.

काठावर त्याने सगळे सांगितले तेव्हा बेगिमाय रडू लागली. "अता," ती सासऱ्याला म्हणाली; आमच्याकडे अता म्हणजे बाबा. "माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे नाही, पोरी. मी न बघता उतरलो. चहा तू ओत, बूट तू मांड. माझी हवा मात्र मीच जोडणार. मग तू तपासायचं. चूक दिसली तर ओरडायचं."

"तुमच्यावर? लोक काय म्हणतील?"

"जिवंत राहिलो तर ऐकेन ना, काय म्हणतात ते!"

दुसऱ्या दिवशी तो पाण्याकडे निघाला, तोच मागून आवाज आला, "अता, थांबा! पट्टा सुटलाय!"

सासऱ्यासमोर कुजबुजत बोलणारी सून भर काठावर ओरडली होती. जोल्चूचा नानचा घास हातातच राहिला. तुर्दुबेक निमूटपणे थांबला आणि त्याने पट्टा आवळला.

मित्रांनो, पाण्यात उतरताना आपला श्वास आपल्या हाताने जोडा, आणि जोडीदाराला तो तपासू द्या. माझ्या पोटात कितीही हवा असली, तरी व्हॉल्व्ह फिरवायला मला हात नाहीत.