अपरिहार्य परिस्थितीत

शेजारच्या देशाला कबूल केलेल्या लशी अडवायचं ठरलं आणि नकाराचं पत्र लिहायचं काम मंत्रालयातल्या मसुदे लिहिणाऱ्या कारकुनाकडे आलं. 'अपरिहार्य परिस्थितीत' ही सुरुवात सुचल्यावर तर स्वारी स्वतःवरच खूश झाली. पत्र तिकडच्या पेपरात छापून आलं आणि सीमेपलीकडे दिलेल्या धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, हे तूच लिहिलंस ना?"

"छे गं! वरच्यांचं काम ते."

"माझ्या लग्नाला आला नाहीस, तेव्हाचं पत्रही असंच सुरू झालं होतं."

दादा ओशाळला. एवढ्या वर्षांत आपल्याला एक नवी थापही सुचू नये, याचं त्याला हसू आलं.

"हो, मीच," तो म्हणाला. "तुझ्या सासूबाईंना लस मिळाली का?"

"नाही रे."

मसुद्यांवर पोट भरणाऱ्या त्या माणसाच्या तोंडी पुन्हा 'अपरिहार्य'च आलं आणि त्याने जीभ चावली.